विहिरीवरचा बोर्ड अडकू नये म्हणून: २ केबी रॅममध्ये भरवशाचा कोड कसा लिहायचा

उद्यमनगरातल्या एका छोट्या गाळ्यात आम्ही शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो, म्हणजे शेतकऱ्यानं घरातनं मिस्ड कॉल किंवा मेसेज टाकला की विहिरीवरची मोटर चालू, परत टाकला की बंद, आणि मधे फेज गेली किंवा पाणी संपलं तर बोर्डानं स्वतःहून मोटर पाडायची. सुरुवातीच्या बोर्डांपैकी एक माझ्या मामांच्या विहिरीवर बसवला होता. दीडेक महिना झकास चालला आणि एका रात्री विहीर तळाला गेली तरी मोटर फिरतच राहिली आणि वाइंडिंग जळालं. सकाळी बोर्ड उघडून बघितला तर रिले (मोटर जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) चिकटलेला नव्हता, चिपला पाच व्होल्ट नीट मिळत होते, जीएसएम मॉड्यूलची (सिमकार्डवाल्या मोबाईल भागाची) एलईडी नेहमीसारखी लुकलुकत होती, फक्त माझा कोड एका जागी उभा होता आणि रिलेची पिन होती तशीच हाय, म्हणजे चालू. मामा एवढंच म्हणाले, "पाणी संपलंय एवढं त्या डब्याला कळंना व्हय रं?"

त्या दिवसापासून एक गोष्ट मी घट्ट धरलीय, आणि हा सगळा लेख त्याच एका गोष्टीबद्दल आहे: छोट्या चिपवर जे जे काही चालू असताना बिघडू शकतं ते शक्य तेवढं कंपाइल होतानाच, म्हणजे कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर होतानाच, ठरवून टाकायचं. मेमरी किती लागणार, कुठल्या अवस्था असू शकतात, कुठली गोष्ट किती वेळ वाट बघणार, सगळं. रात्री दोन वाजता उसाच्या फडात रिसेटचं बटण दाबायला कोणी नसतंय.

उदाहरणं सगळी एटीमेगा३२८पी चिपची देतोय, कारण शिकणाऱ्या बहुतेकांकडं आर्डुइनो उनो असतोच आणि त्यावर हीच चिप आहे: ३२ केबी फ्लॅश (इथं कोड राहतो), २ केबी रॅम (चालू असतानाची मेमरी), १ केबी ईईप्रॉम (लाईट गेली तरी टिकणाऱ्या नोंदींची जागा). मोठ्या चिपवर आकडे बदलतात, पद्धत तीच राहते.

पायरी १: आधी रॅमचा हिशेब मांडा

कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी वहीत २०४८ लिहा आणि त्यातनं वजाबाकी करत या. आर्डुइनोची सिरीयल लायब्ररी घेतली तर येणाऱ्या आणि जाणाऱ्या बफरचे (अक्षरं तात्पुरती ठेवायच्या जागेचे) ६४ अधिक ६४ म्हणजे १२८ बाइट तिथंच गेले. मेसेज ठेवायला बफर, करंटच्या रीडिंगचा सरासरी काढायचा अ‍ॅरे, परवानगी असलेले मोबाईल नंबर, असं एकेक मांडत जा. शेवटी निदान ५०० बाइट स्टॅकसाठी (चालू फंक्शनांच्या कामाच्या जागेसाठी) मोकळे राहिलेच पाहिजेत, फंक्शनांच्या आत फंक्शनं गेली आणि त्यातच इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवून धावणारं तातडीचं काम) आला की ती जागा बघता बघता संपते.

एक गोष्ट नवीन पोरांना माहीत नसते. या चिपवर तुम्ही साधं अवतरणात लिहिलेलं वाक्य, म्हणजे समजा "मोटर चालू झाली", हे फ्लॅशमध्ये तर असतंच पण चालू होताना रॅममध्ये पण कॉपी होतं. पंचवीस-तीस मेसेज असे लिहिले की रॅमचा तिसरा हिस्सा नुसत्या वाक्यांनीच भरतो. त्यासाठी एफ मॅक्रो किंवा प्रोगमेम वापरायचं, मग वाक्य फ्लॅशमध्येच राहतं.

स्टॅक खरोखर किती खोल जातो हे अंदाजानं सांगू नका, मोजा. चालू होताच मोकळी रॅम एका ठराविक बाइटनं, समजा ०एक्सएए नं, भरून टाकायची, बोर्ड दोन दिवस चालवायचा, मग बघायचं की कुठपर्यंतचे बाइट अजून तसेच आहेत. जिथं पुसले गेलेत तिथपर्यंत स्टॅक येऊन गेलाय. जीसीसी या कंपायलरला स्टॅक-युसेजचा फ्लॅग दिला तर प्रत्येक फंक्शन किती बाइट खातं ते पण फाइलमध्ये लिहून देतो. आणि रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं, अजिबात नको, त्याची खोली आधी सांगता येत नाही.

पायरी २: बोर्ड मेला तर मोटर बंदच पडली पाहिजे

हा लेख कोडबद्दल आहे तरी ही पायरी सोडून पुढं जाऊ नका. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, पाणी ठराविक पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं उघडतात, कोणी बटण दाबायची वाट बघत बसत नाहीत. बोर्ड तसाच पाहिजे, म्हणजे काहीच करता आलं नाही तरी सुरक्षित बाजूलाच पडला पाहिजे.

एटीमेगा रिसेट झाली की सगळ्या पिना इनपुट होतात, म्हणजे हवेत लटकतात. म्हणून रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला १० किलो-ओहमचा पुलडाउन (शून्याकडं ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावायचा, मग रिसेटमध्ये रिले नक्की पडतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पिन नुसती हाय ठेवून रिले लागलाच नाही पाहिजे. मुख्य लूपमधनं पिन सतत खालीवर करायची, ते पल्स कपॅसिटर-डायोडमधनं जाऊन रिलेचा ट्रान्झिस्टर चालू ठेवतात, आणि कोड अडकला की पल्स थांबतात, क्षणात रिले पडतो. फक्त हे पल्स टायमरच्या पीडब्ल्यूएममधनं (चिप आपोआप काढते त्या पल्समधनं) काढायचे नाहीत, कारण कोड मेला तरी टायमर आपला चालूच राहतो. मामांच्या बोर्डवर हे दोन-तीन पार्ट असते तर मोटर वाचली असती, मला अजून ते टोचतं.

पायरी ३: मॅलॉक नको, स्ट्रिंग क्लास नको

मामांच्या बोर्डात नेमकं हेच झालं होतं. मी मेसेज वाचायला आर्डुइनोचा स्ट्रिंग क्लास वापरला होता, अक्षर आलं की जोड, अजून आलं की अजून जोड. दर वेळी आत हीपमधनं (चालू असताना मागून घ्यायच्या रॅममधनं, मॅलॉक पण तिथनंच घेतो) जागा घेतली जाते, सोडली जाते, आणि काही दिवसांनी हीप म्हणजे उंदरानं कुरतडलेल्या पोत्यासारखा होतो, एकूण मोकळी जागा ६०० बाइट दिसते पण सलग १८० बाइट कुठंच मिळत नाहीत. मग हीप वर वर सरकतो. जागा मागितली तेव्हा ती होती, पण नंतर एखादं खोल फंक्शन आलं, स्टॅक खाली उतरला आणि दोघं एकमेकांवर चढले. परत कुठं जायचं तो पत्ताच पुसला गेल्यावर कोड कुठंही जाऊ शकतो. टेबलावर हे कधी दिसलं नाही कारण टेबलावर मी दिवसाला वीस मेसेज टाकून बोर्ड बंद करायचो.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमधल्या गेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सेफ्टी-क्रिटिकल कोडसाठी दहा नियम मांडले, त्यात स्पष्ट आहे की सुरुवातीची मांडणी झाल्यावर डायनॅमिक मेमरी, म्हणजे हीपमधली जागा, घ्यायची नाही. आपल्याकडं तर सुरुवातीला पण घ्यायची गरज नाही. सगळे बफर ग्लोबल किंवा स्टॅटिक ठेवा, साइज कॉन्स्टंट ठेवा, मग रॅम पुरत नसेल तर ते कंपाइल करतानाच समजतं.

बफर किती मोठा? इथं आपल्या मराठी माणसाला एक खास अडचण येते. साधा इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, म्हणून सगळेजण १६१ चा बफर घेतात. पण शेतकऱ्याच्या पोरानं "मोटर चालू कर" असं देवनागरीत टाकलं की मेसेज युनिकोडमध्ये जातो, मर्यादा ७० अक्षरांची होते, आणि बऱ्याच मॉड्यूलवर टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक अक्षर चार हेक्स आकड्यांत येतं. म्हणजे ७० गुणिले ४, २८० अक्षरं, वर मोबाईल नंबर आणि तारखेची ओळ वेगळीच. १६१ च्या बफरमध्ये ते ओतलं की शेजारचे व्हेरिएबल पुसले जाणार. म्हणून एक तर ३२० चा बफर घ्या किंवा मर्यादा ओलांडली की ओळ संपेपर्यंत उरलेली अक्षरं फेकून द्या आणि तो अख्खा मेसेज नाकारा. अर्धा मेसेज वाचून अर्धा हुकूम कधीच पाळायचा नाही.

पायरी ४: आकड्याचा प्रकार आणि त्याचं माप

या चिपवर साधा इंट १६ बिटचा असतो, ३२७६७ च्या पुढं जात नाही. आता कोणीतरी एक मिनिटाचे मिलीसेकंद काढायला ६० गुणिले १००० असं लिहितो आणि उत्तर ३२ बिटच्या लाँगमध्ये ठेवतो. उत्तर ठेवायची जागा मोठी असून उपयोग नाही, कारण गुणाकार आधी इंटमध्येच होतो, आणि ६०००० च्या जागी सहसा उणे ५५३६ मिळतं. कंपायलर वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग वाचायची सवय पाहिजे. ६० च्या पुढं यूएल (अनसाइन्ड लाँग) लावा. आणि मुळात नुसता इंट लिहायचाच नाही, इंट१६_टी, यूइंट३२_टी असं बिट सांगणारं नाव लिहायचं.

मोठ्यांच्या हातनं पण हे झालंय. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण ४० सेकंदांच्या आसपास संपलं, ६४ बिटचा फ्लोट आकडा १६ बिटच्या इंटिजरमध्ये बसला नाही म्हणून. तो कोड जुन्या एरियान ४ मधनं उचललेला होता, आणि तपासणी करायची सोय असलेली अ‍ॅडा भाषा असून सुद्धा प्रोसेसरवर जास्त लोड नको म्हणून काही व्हेरिएबलची तपासणी मुद्दाम काढली होती. आपण पण "चिप छोटी आहे, चेक कशाला" म्हणतो तेव्हा हेच करत असतो.

मापांची गल्लत थांबवायला एक फुकटची युक्ती आहे. सेकंद आणि मिलीसेकंद दोन्ही यूइंट३२ ठेवले तर कंपायलरला दोन्ही सारखेच. त्याऐवजी दोघांना एक-एक मेंबरचा वेगळा स्ट्रक्ट (स्वतःचा नवीन प्रकार) करा, अँपिअरला वेगळा, व्होल्टला वेगळा. मग सेकंद घेणाऱ्या फंक्शनला चुकून मिलीसेकंद दिले की कंपाइलच होत नाही, आणि ऑप्टिमायझर चालू असला की तयार कोडमध्ये त्याचा बहुतेक एक बाइट पण जास्त लागत नाही. आमच्या गाळ्यात सुरुवातीला पोरांनी कुरकुर केली, टायपिंग वाढतं म्हणून. पहिल्याच आठवड्यात दोन ठिकाणी गल्लत सापडली, मग कुरकुर थांबली.

पायरी ५: ४९ दिवसांचा काटा

मिलिस म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलीसेकंद देणारं आर्डुइनोचं फंक्शन. त्याचा काउंटर ३२ बिटचा, तो ४९ दिवस १७ तासांनी परत शून्यावर येतो. पावसाळ्यात महिनोन्महिने बोर्डाला कोणी हात लावत नाही, त्यामुळं हे शेतावर नक्की होणार आहे. "आत्ता > सुरुवात + मुदत" असं लिहिलं की त्या दिवशी हिशेब चुकतो. "आत्ता - सुरुवात >= मुदत" असं लिहा, सगळे आकडे अनसाइन्ड (उणे न होणारे) ३२ बिट ठेवा, मग काटा फिरून गेला तरी वजाबाकी बरोबरच येते.

तपासायला ५० दिवस थांबायची गरज नाही. आपला स्वतःचा एक वेळ देणारा फंक्शन करा, टेस्टच्या बिल्डमध्ये त्यात एवढा आकडा मिळवा की काटा चालू झाल्यावर एका मिनिटात फिरेल. मी तर आता रोजच्या कामाच्या बिल्डमध्ये पण हे चालूच ठेवतो, म्हणजे दिवसात दहा वेळा आपोआप टेस्ट होते. बोर्ड जास्त वेळ चालू राहिला की वेळेची बारीक चूक साठत जाते, याचं सगळ्यात वाईट उदाहरण फेब्रुवारी १९९१ चं आहे, सौदीतल्या धाहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्राची यंत्रणा १०० तास सलग चालू होती, एक दशांश सेकंदाचं रूपांतर पूर्ण अचूक बसत नव्हतं, साठत साठत ०.३४ सेकंदाचा फरक पडला आणि २८ सैनिक गेले.

पायरी ६: इंटरप्टशी वाटून घेतलेला आकडा

पाण्याच्या मीटरचे पल्स आम्ही इंटरप्टमध्ये मोजतो, १६ बिटच्या काउंटरमध्ये. चिप ८ बिटची, म्हणजे मुख्य कोड तो आकडा दोन घासांत वाचतो. समजा आकडा २५५ आहे. खालचा बाइट वाचला, २५५ मिळाला. तेवढ्यात पल्स आला, आकडा २५६ झाला. आता वरचा बाइट वाचला, तो १. दोन्ही जोडून ५११! एका पल्सच्या जागी अडीचशे पल्स जास्त. हे दिवसातनं एकदा कधीतरी होतं आणि कितीही शोधलं तरी सापडत नाही.

व्होलाटाइल लावलं म्हणून हे जात नाही, हा गैरसमज लय जणांचा आहे. व्होलाटाइल कंपायलरला फक्त एवढंच सांगतं की दर वेळी मेमरीतनंच वाच, मधे इंटरप्ट येणार नाही याची हमी देत नाही. व्होलाटाइल पाहिजेच, पण वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून आकडा लोकल व्हेरिएबलमध्ये उचलायचा आणि परत पहिल्या स्थितीवर आणायचं, एव्हीआरच्या लायब्ररीत त्यासाठी अ‍ॅटॉमिक ब्लॉक आहे. त्या ब्लॉकमध्ये फक्त कॉपी, बाकी कुठलंच काम नाही.

आणि इंटरप्ट आणि मुख्य कोड मिळून किती व्हेरिएबल वापरतात? ती सगळी एका फाइलमध्ये, एका स्ट्रक्टमध्ये ठेवा, बाहेरनं फक्त फंक्शनमधनंच हात लावता येईल असं करा. बर्कलीमधल्या लोकांनी २००३ मध्ये नेस-सी नावाची भाषा मांडली, टायनीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, ४ केबी रॅमच्या सेन्सर बोर्डांवर चालणारी, तिचा कंपायलर अख्खा प्रोग्राम एकत्र बघून असा उघडा राहिलेला व्हेरिएबल पकडून द्यायचा. सी मध्ये तो पहारा आपल्यालाच द्यावा लागतो.

पायरी ७: बुलियनचा गुंता सोडा, अवस्था लिहा

माझ्या पहिल्या कोडमध्ये मोटरचालू, ट्रिपझाली, लाईटआहे, मेसेजआला, ऑटोमोड असे पाच बुलियन (हो-नाही व्हेरिएबल) होते. पाच बुलियनच्या ३२ जोड्या होतात, त्यातल्या सात-आठच खऱ्या, बाकीच्यात बोर्ड गेला तर काय करायचं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आता एकच ईनम (ठरलेल्या नावांची यादी) आहे: बंद, लाईट तपास, सुरू होतेय, चालू, फेज ट्रिप, कोरडी ट्रिप, लॉक. बोर्ड एका वेळी एकाच अवस्थेत.

प्रत्येक अवस्थेसाठी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: रिले चालू का बंद, इथनं कुठं जाता येतं, आणि जास्तीत जास्त किती वेळ इथं थांबायचं. "सुरू होतेय" मध्ये करंट आधी उसळतो म्हणून पहिले काही सेकंद कोरड्या ट्रिपचा चेक बघायचा नाही, पण ती मुदत संपल्यावर करंट ठरलेल्या पट्ट्यात आला नसेल तर सरळ ट्रिप. "लाईट तपास" मध्ये अजून एक शहाणपण लागतं. लाईट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज झपकन खाली जातं. म्हणून प्रत्येक बोर्डाला त्याच्या सिरीयल नंबरवरनं १० ते १२० सेकंदांची वेगवेगळी थांबण्याची वेळ देतो.

कोडमध्ये प्रत्येक अवस्थेची केस मांडणारा स्विच लिहिताना डिफॉल्ट (बाकी सगळ्यांसाठीची केस) घालायचं नाही. असं केलं की नवीन अवस्था वाढवल्यावर जिथं जिथं तिची केस लिहायची राहिली तिथं कंपायलर ओरडतो. मग मेमरी बिघडून भलताच आकडा आला तर? त्यासाठी प्रत्येक केस रिटर्ननं संपवायची आणि स्विचच्या बाहेर, खाली, रिले बंद करून रिसेट करणारी ओळ ठेवायची.

पायरी ८: वाट बघायची तर मुदत घालूनच

"मॉड्यूलकडनं ओके येईपर्यंत थांब" असा व्हाइल लूप म्हणजे बोर्ड अडकायची जागा. एक दिवस ओके येणारच नाही. प्रत्येक लूपला कमाल फेऱ्या, प्रत्येक वाट बघण्याला कमाल वेळ, आणि मुदत संपली तर काय करायचं तेही तिथंच लिहा. डिले फंक्शन मोठ्या वेळेसाठी वापरूच नका, त्या काळात बोर्ड आंधळा असतो. मॉड्यूलला पण त्याची स्वतःची छोटी स्टेट मशीन (पायरी ७ सारख्या अवस्था) द्या, तीन वेळा उत्तर नाही आलं तर मॉड्यूलची पॉवर तोडून परत द्या, आणि हे चालू असताना मोटरचं संरक्षण एक क्षण पण थांबता कामा नये.

पायरी ९: वॉचडॉग

वॉचडॉग म्हणजे ठरलेल्या मुदतीत कोडनं हात लावला नाही तर चिप रिसेट करणारा टायमर. ३२८पी मध्ये तो १६ मिलीसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत लावता येतो. बहुतेक लोक टायमरच्या इंटरप्टमधनं त्याला हात लावतात, आणि मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट येतच राहतो, म्हणजे वॉचडॉग असून नसल्यासारखा. बरोबर पद्धत अशी: करंट वाचणारं काम, अवस्था बदलणारं काम, मॉड्यूलचं काम, प्रत्येकाचा एक बिट. काम झालं की आपला बिट लावायचा. लूपच्या शेवटी एकाच जागी तपासायचं, सगळे बिट लागले असतील तरच वॉचडॉगला हात लावायचा आणि बिट पुसायचे.

या चिपवर वॉचडॉगनं रिसेट झालं की वॉचडॉग सगळ्यात कमी मुदतीवर चालूच राहतो, म्हणून कोडच्या अगदी सुरुवातीला एमसीयूएसआर रजिस्टर (चिपमधली रिसेटचं कारण सांगणारी जागा) वाचून ठेवा, पुसा आणि वॉचडॉग परत नीट लावा. नाहीतर बोर्ड रिसेटच्या भोवऱ्यात अडकतो. बूटलोडर (चिपमध्ये कोड भरून घेणारा छोटा प्रोग्राम) वापरत असाल तर तो हे रजिस्टर आधीच पुसतोय का ते पण बघून घ्या.

रिसेटचं कारण साठवून ठेवा. दहा मिनिटांत तीन वॉचडॉग रिसेट झाले तर "लॉक" अवस्थेत जायचं, मोटर बंद, मालकाला मेसेज. असर्टचं, म्हणजे अट मोडली का ते तपासणाऱ्या ओळीचं, पण तसंच. जिथं "हे कधी होऊच शकत नाही" असं वाटतं तिथं असर्ट लिहा, पण फाइलचं नाव वगैरे छापत बसू नका, रॅम जाते, नुसता १६ बिटचा एक नंबर ठेवा, रिले पाडा, नंबर लिहा, रिसेट करा.

पायरी १०: ईईप्रॉम आणि पडकं व्होल्टेज

ईईप्रॉमचा एक बाइट १,००,००० वेळा लिहायची हमी आहे. मोटर किती चालली ते दर मिनिटाला एकाच जागी लिहिलं तर दिवसाला १४४० वेळा, म्हणजे ६९ दिवसांत हमी संपली. त्याऐवजी १६ बाइटची नोंद करा, १०२४ बाइटमध्ये ६४ जागा होतात, रहाटाच्या पोहऱ्यांसारखं एकामागनं एक जागा वापरत जा, तेच काम साधारण १२ वर्षं चालतं. प्रत्येक नोंदीत चढता क्रमांक आणि शेवटी सीआरसी (नोंद शाबूत आहे का ते सांगणारा पडताळणीचा आकडा). लिहिता लिहिता लाईट गेली तर त्या नोंदीचा सीआरसी जुळणार नाही, आणि कोड आपोआप आधीची नोंद धरेल.

ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की चिप रिसेटमध्ये धरणारा भाग) चालू ठेवा, ४.३ व्होल्टला. १६ मेगाहर्ट्झवर या चिपला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात, त्याच्या खाली ती चुकीचा हुकूम पाळू शकते आणि ईईप्रॉममध्ये भलतंच लिहू शकते. जीएसएम मॉड्यूल नेटवर्क शोधताना २ अँपिअरपर्यंत झटका घेतं, त्याचा सप्लाय चिपपासून वेगळा ठेवा आणि मोठा कपॅसिटर मॉड्यूलच्या अगदी जवळ लावा.

पायरी ११: लॅपटॉपवर छळ करा

मोटर कधी चालू-बंद करायची हे ठरवणारा कोड आणि पिना हलवणारा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पहिल्यात एकही रजिस्टर नको. मग तीच फाइल लॅपटॉपवर जीसीसीनं कंपाइल होते, अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझर (मेमरीच्या आणि भाषेच्या नियमांबाहेरच्या चुका चालताना पकडणारे फ्लॅग) लावून, आणि खोटा वेळ, खोटा करंट देऊन एका मिनिटात अख्खा ऊसाचा हंगाम चालवता येतो. फेज जाते, येते, अर्धा मेसेज येतो, करंट शून्य होतो, असं उलटसुलट टाकत राहायचं आणि दर पावलाला एकच गोष्ट तपासायची: ट्रिप किंवा लॉक अवस्थेत रिले कधीही चालू दिसता कामा नये. एक सांभाळा, लॅपटॉपवर इंट ३२ बिटचा असतो, त्यामुळं पायरी ४ मधली गुणाकाराची चूक तिथं दिसत नाही, ती वॉर्निंगमध्येच पकडावी लागते.

वॉर्निंग म्हणजे ऑल, एक्स्ट्रा, कन्व्हर्जन हे तिन्ही फ्लॅग चालू, आणि वर एररचा फ्लॅग, म्हणजे एक जरी वॉर्निंग आली तरी बिल्ड थांबला पाहिजे. जुन्या कोडवर पहिल्या दिवशी दीड-दोनशे वॉर्निंग येतील, घाबरू नका, रोज वीस काढा. स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट) पण भरपूर वापरा, ईईप्रॉमच्या नोंदीचा साइज १६ आहे का, बफर पुरेसा आहे का, याचा चालू असताना शून्य खर्च.

भाषा कोणती घ्यायची

३२८पी वर मी आज पण सी च घेईन, पण मोकाट सी नाही, मिस्रा सी च्या धर्तीवर बांधलेली. गाड्यांच्या उद्योगातनं १९९८ ला आलेले हे नियम आहेत, सगळे पाळणं छोट्या गाळ्याला जड जातं, पण पॉइंटर, टाइप कन्व्हर्जन आणि कंट्रोल फ्लोचे तरी घ्याच. सी++ घ्यायचं असेल तर एक्सेप्शन आणि आरटीटीआय बंद करून घ्या, कॉन्स्टएक्सप्र आणि कडक ईनम क्लास यांचा फायदा मोठा आहे.

नवीन प्रॉडक्ट कॉर्टेक्स-एम या मोठ्या, ३२ बिटच्या चिपांवर करत असाल, समजा एसटीएम३२ किंवा २६४ केबी रॅमचं आरपी२०४०, तर रस्ट ही भाषा मनापासून शिका. वर मी जे जे सवयीनं सांभाळायला सांगितलं त्यातलं बरंचसं रस्टचा कंपायलर स्वतः सांभाळतो. इंटरप्टशी वाटलेला आकडा उघडा ठेवलात तर कंपाइल होत नाही, ईनमची एखादी केस राहिली तर कंपाइल होत नाही, आणि नो-एसटीडी (स्टँडर्ड लायब्ररीशिवायच्या) मोडमध्ये हीप नसतोच, तुम्ही मुद्दाम आणल्याशिवाय. पण मुदत न घातलेला लूप रस्टमध्ये पण तसाच अडकतो, आणि पुलडाउन रेझिस्टर कुठलीच भाषा लावून देत नाही.

विहिरीवर न्यायच्या आधी

आमच्या गाळ्यात प्रत्येक नवीन व्हर्जन आठ दिवस टेबलावर चालतं. एक दुसरा बोर्ड त्याचा सप्लाय मधनंच, वाटेल त्या क्षणी तोडतो आणि जोडतो, असं ५०० वेळा, आणि दर वेळी ईईप्रॉममधली नोंद वाचून बघतो. मेसेज इंग्रजीत, देवनागरीत, रिकामे, अर्धवट, सगळे टाकतो. रिलेच्या जागी बल्ब लावतो आणि बोर्ड चालू असताना क्रिस्टल (चिपला ठेका देणारा पार्ट) शॉर्ट करतो, बल्ब विझला पाहिजे. स्टॅकचे पुसलेले बाइट मोजून वहीत लिहितो, मागच्या व्हर्जनपेक्षा ५० बाइट जरी वाढले असतील तर कारण सापडेपर्यंत बोर्ड टेबलावरच.

मामांच्या विहिरीवर नवीन बोर्ड लावला त्यात अजून एक गोष्ट टाकली. दर सोमवारी सकाळी सहाला तो मला एक मेसेज टाकतो, त्यात चारच आकडे असतात: किती तास मोटर चालली, किती वेळा रिसेट झाला, शेवटच्या रिसेटचं कारण, आणि स्टॅकला किती बाइट शिल्लक आहेत. पहिल्या महिन्यात रिसेटच्या जागी ३ आला, कारण ब्राउनआउट. डीपीचा एक फ्यूज ढिला निघाला, तो बसवून घेतला, त्यानंतर त्या आकड्यात भर पडलेली नाही.